एकट्याचा वाद्यवृंद



महाराष्ट्रातील सर्वांत जुना एकट्याचा वाद्यवृंद कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही वासुदेवाकडे बोट दाखवू. डोक्यावर मोरपिसांची टोपी, अंगात घोळदार अंगरखा, एका हातात टाळ, दुसऱ्या हातात चिपळ्या, पायांत घुंगरू, कमरेच्या शेल्यात खोवलेला पावा आणि मुखाने हरिनाम. ताल त्याचा, ठेका त्याचा, सूर त्याचा आणि गिरकीही त्याचीच. हे सारे एकट्याने का करावयाचे? भक्तीचे उत्तर वेगळे असेल. आमचे उत्तर पोटाचे आहे. दारोदार मिळणाऱ्या पसाभर धान्यात चार साथीदारांची घरे चालत नाहीत. गोंधळ्याची गोष्ट निराळी. मंगलकार्यानंतर गोंधळ घालावयाचा तर यजमान बिदागी देतो. म्हणून तेथे संबळ वाजविणारा वेगळा आणि तुणतुणे धरणारा वेगळा. तात्पर्य, किती माणसांनी मिळून वाजवावे हे केवळ कलेने ठरत नाही, मोबदल्यानेही ठरते.

संगीताच्या विषयावर बोलावयास कामगार संघटनेचा कार्यकर्ता कशाला, अशी शंका ज्यांच्या मनात आली असेल त्यांना आमचे उत्तर एवढेच की, वाजविणे हे काम आहे आणि वाजविणारा हा कामगार आहे. ज्या एका तबकडीची हकीकत आज सांगावयाची आहे ती मुंबईत झाली, एका रोजंदारीच्या वादकाने केली, आणि तीत दुसऱ्या एकाही वादकाचा हात नव्हता. जवळजवळ तीस वर्षे ती कोणाच्या खिजगणतीत नव्हती. तिची उपेक्षा का झाली आणि तिचे खरे मोल कोणत्या मापाने मोजावे, हा आमचा विषय आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. एकाच माणसाने सगळी वाद्ये वाजवून ध्वनिमुद्रिका करावयाची तर आवाजावर आवाज चढविण्याची युक्ती हाती हवी. फितीचा जमाना येण्यापूर्वीही असा प्रयत्न झाला होता. १९४१ च्या एप्रिलात सिडनी बेशे या अमेरिकी निग्रो वादकाने व्हिक्टर कंपनीसाठी ‘द शेक ऑफ अरेबी’ हे गाणे असेच मुद्रित केले. एक वाद्य वाजवून तबकडी करावयाची, ती लावून ऐकता ऐकता दुसरे वाद्य वाजवावयाचे आणि दोहोंची मिळून नवी तबकडी करावयाची. क्लॅरिनेट, दोन प्रकारचे सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम अशी सहा वाद्ये त्याने एकट्याने वाजविली. दर वेळी मागचा आवाज थोडा पुसट होई. त्या काळी हे एक नवल म्हणून गाजले. परंतु वादकांच्या संघटनेने त्यास हरकत घेतली. हरकतीमागचा हिशोब सरळ होता. सहा वाद्ये वाजली, मग पाच माणसे घरी का बसली?

पुढे चुंबकीय फीत आली, फितीवर चार, आठ, सोळा पदर आले, आणि नवलाची रीत झाली. १९७० मध्ये पॉल मॅकार्टनीने बीटल्सची संगत सुटता सुटता सगळी वाद्ये स्वतः वाजवून आपल्या नावाची तबकडी काढली. १९७३ मध्ये माइक ओल्डफील्ड या इंग्रज तरुणाची ‘ट्युब्युलर बेल्स’ आली. तीतील बहुतेक सगळी वाद्ये त्याचीच. १९७८ मध्ये प्रिन्स या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या पहिल्या तबकडीवर सत्तावीस वाद्ये त्याच्या नावे नोंदविलेली आहेत. ही माणसे आधीच प्रसिद्ध होती किंवा लवकरच झाली. आमच्या तबकडीचा कर्ता मात्र या पंक्तीतला नव्हे. तो पडद्यामागचा माणूस होता, आणि पडदाही चित्रपटाचा.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत १९५० ते १९८० या काळात गाण्यांच्या ध्वनिमुद्रणासाठी मोठमोठे वाद्यवृंद बसत. शंकर-जयकिशन यांच्यासारख्या संगीतकारांच्या गाण्यांना पन्नास-साठ आणि प्रसंगी शंभरपर्यंत वादक असत. व्हायोलिनवाल्यांच्या रांगा, ट्रंपेट, सॅक्सोफोन, ढोलक, तबला, सतार. यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक होते, पारशी होते, पंजाबी होते, मराठी होते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या मंडळींनी कागदावर स्वरलेखन करून या ताफ्यास शिस्त लावली. वादकास बोलावणे येई, दिवसभर वाजवावे, ठरलेला मेहनताना घ्यावा आणि घरी जावे. तबकडीवर नाव गायकाचे, संगीतकाराचे, गीतकाराचे. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजत राहिले तरी त्या दिवसाच्या मजुरीपलीकडे वादकाच्या हाती काही पडत नसे. गिरणीत जसा बदली कामगार, तसा स्टुडिओत हा वादक.

चरणजीत सिंग हा अशा वादकांपैकी एक. १९६० च्या दशकापासून त्यांनी शंकर-जयकिशन, सचिन देव बर्मन, राहुल देव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे गिटार, बास आणि कळीची विद्युत्-वाद्ये वाजविली. चित्रपटगीतांच्या नुसत्या वाद्यांवर वाजविलेल्या चालींच्या तबकड्याही त्यांच्या नावे निघाल्या. नवे वाद्य बाजारात आले की ते मिळवावे आणि शिकून घ्यावे, ही त्यांची वृत्ती. ज्याला रोजच्या बोलावण्यावर जगावयाचे असते त्याला ती ठेवावीच लागते.

१९८० नंतर त्यांच्या हाती जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे आली. ही यंत्रे त्यांनी सिंगापूरला घेतली होती. पहिले ज्युपिटर-आठ नावाचे मोठे पेटीवजा वाद्य. त्यावर हवा तो नाद घडविता येई. दुसरे टीआर-आठशेआठ हे ठेक्याचे यंत्र. तिसरे टीबी-तीनशेतीन, हातभर लांबीचेही नाही, आणि काम फक्त बासचे, म्हणजे खर्जातल्या साथीचे. गिटार घेऊन एकटाच बसलेल्या वादकास साथीला कोणी नसेल तर या छोट्या यंत्रांनी साथ करावी, ही कंपनीची कल्पना. स्वर एकेक करून आधी भरावा लागे. एकदा भरला की यंत्र तो फिरवून फिरवून वाजवी. ठेक्याचे यंत्र आणि खर्जाचे यंत्र एका तारेने जोडले की दोन्ही एकाच लयीत चालत.

त्या वेळी हिंदी चित्रपटांत डिस्कोचा सुकाळ होता. ‘कुर्बानी’ १९८० मध्ये आला होता आणि ‘डिस्को डान्सर’ १९८२ च्या अखेरीस आला. चरणजीत सिंगांच्या मनात आले की, चित्रपटांत जो तो डिस्को करतो आहे, तर आपण आपल्या रागांना तो ठेका द्यावा आणि तबला बाजूला ठेवावा. हे त्यांनीच पुढे मुलाखतीत सांगितले. १९८२ मध्ये ग्रामोफोन कंपनीसाठी त्यांनी दहा राग मुद्रित केले: भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. प्रत्येकास पाचेक मिनिटे. तबकडीचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. राग वाजविणारे तेच, खर्ज भरणारे तेच, ठेका लावणारे तेच.

नाव ऐकून जाणकारांनी नाक मुरडावे असेच ते आहे. परंतु तबकडी ऐकली म्हणजे वेगळाच अनुभव येतो. ठेका एकसारखा, न थांबणारा, गिरणीच्या पट्ट्यासारखा. त्यावर खर्जाचे यंत्र एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरते, आणि ही घसरण आपल्या कानाला मींडेसारखी लागते. वर ज्युपिटर रागाचे चलन मांडतो. प्रथम मोकळी आलापी, मग ठेका येतो, मग द्रुत ताना. रागाचे स्वर कोठे सोडलेले नाहीत. तानपुरा नाही, पण खालचे यंत्र तेच ते स्वर घोळवीत राहते आणि तानपुऱ्याचे काम आपोआप होते. एका सुराभोवती फिरत राहण्याची आपल्या संगीताची रीत आणि एकच आवर्तन फिरवीत राहण्याची यंत्राची रीत यांचा मेळ बसू शकतो, हे या माणसाला कोणी सांगितले नव्हते. त्याच्या हातांनी ते शोधले.

तबकडी चालली नाही. आमच्या मते याची कारणे तीन. ज्यांना राग हवा होता त्यांना पाच मिनिटांचा मालकंस आणि तोही यंत्रावर, हा पोरखेळ वाटणार. ज्यांना डिस्को हवा होता त्यांना गाणे हवे, गाणारीचा आवाज हवा, पडद्यावरचा नट हवा. तिसरे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. साथीदाराच्या नावास बाजारात किंमत नसते. ज्याचे नाव चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर छापले जात नसे, त्याचे नाव पाहून तबकडी कोण उचलणार?

यंत्रांचेही तेच झाले. खर्जाच्या छोट्या यंत्राचा आवाज खऱ्या बाससारखा येत नाही म्हणून गिऱ्हाइकांनी त्याकडे पाठ फिरविली आणि १९८४ मध्ये कंपनीने ते करावयाचे थांबविले. जुन्या बाजारात ती यंत्रे स्वस्तात मिळू लागली. शिकागो शहरातील गरीब निग्रो तरुणांनी ती घेतली, कळा मन मानेल तशा फिरविल्या, आणि १९८७ मध्ये फ्यूचर या मंडळीची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. त्यातून नृत्यसंगीताचा एक सबंध संप्रदाय उभा राहिला आणि युरोपभर पसरला. पुढे २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकास दिल्लीत चरणजीत सिंगांची जुनी तबकडी सापडली. ऐकून तो चकित झाला. शिकागोचा म्हणून जो नाद जगाला ठाऊक होता तो मुंबईत पाच वर्षे आधीच वाजला होता. २०१० मध्ये ती तबकडी युरोपात पुन्हा निघाली, वर्तमानपत्रांत लेख आले, आणि वयाची सत्तरी ओलांडलेले चरणजीत सिंग आपली जुनी यंत्रे घेऊन युरोपातील तरुणांपुढे वाजवू लागले. २०१५ च्या जुलैत मुंबईत त्यांचे निधन झाले.

शिकागोच्या मुलांनी मुंबईची तबकडी ऐकली होती असे मानावयास आधार नाही. म्हणून ‘या संप्रदायाचा जनक मुंबईचा’ असा जो गजर काही लोक करतात त्यात आम्ही सामील नाही. जनक कोण हा वाद पाळण्यावरचा आहे. दोन शहरांतील दोन प्रकारच्या कष्टकऱ्यांच्या हाती एकच यंत्र आले आणि दोघांनी ते यंत्र करणाऱ्याच्या कल्पनेबाहेर नेले, हा त्यातील खरा इतिहास.

आता १९८२ या सालाकडे वळू. कारण आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना ते साल दुसऱ्याच कारणाने पाठ आहे. त्या वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. गिरण्याच मागे पडल्या. ज्या शहरात अडीच लाख हात माग सोडून रस्त्यावर उभे होते, त्याच शहरात त्याच वर्षी एक माणूस एका खोलीत बसून सगळ्या वाद्यवृंदाचे काम एकटा करीत होता. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात लंडनमध्ये वादकांच्या संघटनेच्या शहर-शाखेने ठराव मांडला की, खऱ्या वाद्यांची नक्कल करणाऱ्या सिंथेसायझर आणि ठेक्याच्या यंत्रांवर बंदी घालावी. बॅरी मॅनिलो या गायकाने आपल्या दौऱ्यात वाद्यवृंदाऐवजी अशी यंत्रे आणली होती, हे निमित्त. ती बंदी काही टिकली नाही.

लंडनच्या त्या वादकांना हसणे सोपे आहे. आम्ही हसणार नाही. १९२८ मध्ये मुंबईचे सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते, त्या लढ्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. मालकांनी विणकऱ्यास दोनांऐवजी तीन माग सांभाळावयास सांगितले. एक माणूस तीन माग सांभाळतो ही त्याच्या कसबाची शाबासकी. पण जो तिसरा माग त्याने सांभाळला त्यावरचा माणूस कोठे गेला, आणि वाढलेल्या उत्पन्नातले काय त्याच्या पदरी पडले? गिरणी कामगार युनियन या प्रश्नातून वाढली. चरणजीत सिंगांच्या तबकडीतून प्रथम बाजूला झाला तो तबला. तबला म्हणजे नुसते वाद्य नव्हे. तबला म्हणजे तबलजी. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत मुंबईच्या स्टुडिओंतून व्हायोलिनच्या रांगा उठल्या, आणि त्यांच्या जागी एक कळपेटी व एक संगणक आला. हे चरणजीत सिंगांनी केले नाही. पण जे यंत्र त्यांच्या बोटांखाली कला झाले तेच निर्मात्याच्या हिशोबात काटकसर झाले.

मग या तबकडीचा गौरव करावा की तिच्यावर बहिष्कार टाकावा? आमचे मत स्पष्ट आहे. गौरव करावा. कारण या माणसाने कोणाच्या पोटावर पाय देण्यासाठी एकट्याने वाजविले नाही. वीस वर्षे दुसऱ्याच्या चालीतील एकेक पदर वाजविल्यानंतर त्याने एकदाच सगळे वस्त्र स्वतः विणले. जो कामगार आयुष्यभर यंत्राचा एकच खिळा आवळतो त्याला संपूर्ण वस्तू आपल्या हातांनी घडवावी अशी तहान असते, आणि ती तहान कामगार चळवळीने ओळखली नाही तर चळवळ नुसती पगाराची वही होऊन बसेल. यंत्र मालकाच्या हाती आहे की कामगाराच्या, यावर सारे अवलंबून आहे. गिरणीतला तिसरा माग मालकाचा होता. ही तीन यंत्रे वाजविणाऱ्याची होती.

तथापि, ‘एकट्याने सारे केले’ या शब्दांनी भुलून जाऊ नये, हेही सांगितले पाहिजे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ केला. लेखन, दिग्दर्शन, फीत धुणे, सारे त्यांचे. पण कोऱ्या फितीच्या कडांना भोके पाडावयास रात्री बसत त्या सरस्वतीबाई, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत त्याही सरस्वतीबाईच. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ची ओळख ‘सबकुछ पु. ल.’ अशी करून देतात. कथा, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका पु. ल. देशपांडे यांची. परंतु त्यातले ‘इंद्रायणी काठी’ आज घराघरांत आहे ते गदिमांच्या शब्दांनी आणि भीमसेन जोशी यांच्या कंठाने. मॅकार्टनीच्या एकट्याच्या तबकडीवरही साथीचा आवाज आहे तो त्याच्या पत्नीचा.

आपल्या भागात हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. शेवगाव-पाथर्डीकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादम वहीत ‘एक कोयता’ लिहितो आणि त्यावर उचल देतो. हा एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको, दोघे. तो ऊस तोडतो, ती मोळी बांधते, डोक्यावर वाहते, आणि पहाटे भाकरी थापते ती वेगळीच. वहीत आकडा एकच. ज्याला जग एकट्याचे काम म्हणते त्यात किती हात असतात, हे या एका शब्दात सामावले आहे. आता त्या कोयत्याच्या समोर ऊसतोडणीचे यंत्र आले आहे, आणि तेथेही तोच प्रश्न उभा आहे: यंत्र कोणाचे, आणि वाचलेल्या श्रमाचा वाटा कोणाला?

लग्नाच्या वरातीत हे आपण रोज पाहतो. सनई-चौघडा गेला, ब्रास बँड आला. बँडमध्ये दहा-पंधरा माणसांच्या चुली पेटत. आता भिंतीएवढे कर्णे लावलेली गाडी येते आणि कळ दाबणारा एक मुलगा. त्या मुलाला आम्ही वासुदेवाचा वारस म्हणणार नाही. वासुदेवाचा पावा त्याच्या श्वासाने वाजे. चरणजीत सिंगांच्या यंत्रातला एकेक स्वर त्यांनी बोटांनी भरला होता, आणि वरचा राग त्यांच्या वीस वर्षांच्या रियाजाचा होता. एकट्याने वाजविणे आणि वाजविणाराच नाहीसा करणे, या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आज तर संगणकास चार शब्दांत फर्मान सोडले की तो गाणे, गळा, ठेका, सारे क्षणात पुढे ठेवतो, आणि ज्या असंख्य वादकांच्या वादनावर तो पोसला त्यांतील एकाचेही नाव तो सांगत नाही. हे अंतर ओळखण्याची निकड पूर्वी कधी नव्हती एवढी आता आहे.

करावयाचे काय? यंत्रावर बंदीचा ठराव टिकत नाही, हे लंडनने दाखविले. यंत्रापुढे मान तुकविली तर काय होते, हे परळ-लालबागच्या पडक्या चिमण्यांनी आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांनी दाखविले. मधला मार्ग म्हणजे नाव आणि वाटा. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि सादर करणाऱ्या कलावंतासही त्याच्या मुद्रित कलेच्या व्यापारी वापरातून मानधनाचा वाटा मिळण्याचा हक्क कायद्याने मान्य केला. कायदा झाला म्हणजे हक्क हाती आला असे नव्हे. किमान वेतनाचा कायदा असूनही वेतन मागावयास मोर्चा काढावा लागतो, हे येथे बसलेल्या पुष्कळांस ठाऊक आहे. पण पाय ठेवावयास पायरी मिळाली आहे. तीवर उभे राहून स्टुडिओतल्या वादकाने, बँडमधल्या ट्रंपेटवाल्याने, तमाशातल्या ढोलकीवाल्याने आपले नाव वहीत लिहून घेतले पाहिजे.

चरणजीत सिंगांची तबकडी आता सहज ऐकावयास मिळते. ती अवश्य ऐका. दिवस मावळताना यमन ऐका, रात्री मालकंस ऐका. त्यानंतर एखादे जुने चित्रपटगीत लावा आणि मुखड्याच्या आधी वाजणारे ते व्हायोलिन कोणाचे, ती बासरी कोणाची, ढोलक कोणाचा, याची चौकशी करा. पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळणार नाही. जेथे मिळेल तेथे ते नाव लिहून ठेवा आणि चार जणांना सांगा.